तिसरा दगड

गेल्या दिवाळीच्या आधी माळा आवरताना मला एक दगड सापडला. मोहोळमध्ये दगड सापडायला माळ्यावर कशाला चढायला हवं, असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबरच आहे. आमच्या तालुक्यात पेरलेलं उगवेलच याची खात्री नाही, पण दगड मात्र न पेरता उगवतात. हा दगड मात्र निराळा होता. वीतभर लांब, तीन बोटं रुंद, काळसर निळा आणि अंगानं नव्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला. फक्त मधोमध त्याला खळगा पडलेला होता.

मी लगेच ओळखला. हा तात्यांचा दगड. वस्तऱ्याला धार लावायचा. तात्या म्हणजे आमच्या घरचे न्हावी. आता हे ‘तात्यांचा’ वगैरे आदरार्थी बहुवचन मी आत्ता लिहिताना वापरतोय. तात्या हयात असताना आजोबा त्यांना ‘अरे तात्या’ म्हणत, वडील ‘अरे तात्या’ म्हणत, आणि नाकातला शेंबूडही धड पुसता न येणारा मी ‘ए तात्या, हळू!’ म्हणून ओरडत असे. तेही ज्याच्या हातात वस्तरा आहे आणि तो वस्तरा आपल्या कानामागे आहे अशा माणसाला! आमचं धाडस मोठं की त्यांचा संयम मोठा, हे आता सांगता येत नाही. कान मात्र दोन्ही शाबूत आहेत, यावरून काय ते समजा.

तात्या मोहोळ सोडून लेकाकडे सोलापूरला गेले तेव्हा आठवण म्हणून हा दगड आमच्याकडे ठेवून गेले, अशी आमच्या घरातली कथा. मी तो धुऊन-पुसून दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये ठेवला. येईल त्याला दाखवू लागलो. बत्तीस वर्षं शाळेत मास्तरकी केल्यामुळे समोर दोन माणसं बसलेली दिसली की मला पंधरा ऑगस्टचं भाषण सुचतं. “हा खळगा नीट बघा,” मी म्हणे, “हा खळगा नाही, हे आयुष्यभराच्या कष्टाचं हस्ताक्षर आहे!” पाहुणे खळग्यात बोट घालून बघत, डोळे मिटून मान हलवत आणि चहाची वाट पाहत. आमच्या जावईबापूंनी तर त्या खळग्याचा फोटो काढला. एकूण दगडाचं बरं चाललं होतं.

मग माझ्या मनात आलं, की हा ठेवा ज्याच्या आजोबांचा त्याला दाखवायला नको का? तात्यांचा नातू परत मोहोळात आला आहे. एसटी स्टँडच्या बाजूला त्याचं सलून आहे. फिरत्या खुर्च्या, चारी बाजूंनी आरसे आणि आरशात कुठूनही पाहिलं तरी माझंच टक्कल. मी दगड फडक्यातून काढून दोन्ही हातांनी त्याच्या पुढे धरला. आता याच्या डोळ्यांत पाणी येणार, म्हणून मी खिशात रुमालही चाचपला.

त्यानं दगड उजेडाकडे धरला. अंगठा खळग्यातून एकदा लांबीनं फिरवला, एकदा रुंदीनं.

“गुरुजी,” तो म्हणाला, “ह्याच्यावर विळी कुणी घासली ओ?”

मी म्हटलं, “विळी?”

“विळीच. आन् खुरपं बी. ह्या बघा रेघा. वस्तऱ्यानं असं व्हत न्हाई. आजोबा तर दर आठवड्याला दगड सपाट करायचे. असला खोलगट दगड कुणी त्यांच्या म्होरं धरला असता तर लाजून मान खाली घातली असती त्यांनी.”

विळी पाटाला ठोकलेली असते. तिला दगडावर घासता येत नाही, दगडच तिच्यावर घासावा लागतो. आणि हे काम आमची आई दर संक्रांतीच्या आधी, भोगीची भाजी चिरायच्या आदल्या दिवशी, ओट्यावर बसून करायची. ते दृश्य मला त्या फिरत्या खुर्चीत बसल्या बसल्या लख्ख दिसलं. म्हणजे ज्या हस्ताक्षरावर मी चार महिने भाषणं ठोकत होतो, ते आमच्याच घरातल्या भोपळ्याचं आणि वांग्याचं निघालं!

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण गिऱ्हाईक नव्हतं, पोराला बोलायला सवड होती. “आन् आठवण म्हणून न्हाई ओ दिला,” तो हसत हसत म्हणाला. “बहात्तर साली दोन पायल्या जोंधळ्यापायी तुमच्या वडलांकडं ऱ्हायला तो. सोडवायचाच ऱ्हाऊन गेला.”

१९७२ साली मी सातवीत होतो. त्या वर्षीचा दुष्काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून पटत नाही. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो यायचा. शाळेत सुकडी मिळायची. गंमत बघा, ज्या मालदांडी ज्वारीवर सारा महाराष्ट्र भाकऱ्या खातो, तिचं ३५-१ हे नामांकित वाण १९३०च्या दशकात आमच्या मोहोळच्याच संशोधन केंद्रावर निवडलं गेलं. आणि त्याच मोहोळात बहात्तर साली पाहायला कणीस नव्हतं. तात्यांचं बलुतं म्हणजे सुगीला आमच्या खळ्यावरून जाणारा जोंधळा. सुगीच झाली नाही, तर बलुतं कसलं? वडिलांनी दिलं नाही. द्यायला नव्हतंच. पण तात्यांची दर रविवारची फेरी काही चुकली नाही. आजोबांची हजामत होत राहिली. बाकीचे सहा दिवस तात्या दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडायला जात. खडी फोडलेल्या हातात वस्तरा स्थिर राहत नाही. आजोबांच्या गालावर त्या वर्षी तुरटी फार लागायची, हे मला आठवतं. का लागायची, ते तेव्हा कळलं नव्हतं.

म्हणजे हिशेब असा: वर्षभराचं बलुतं आमच्याकडे बाकी, आणि वर दोन पायल्यांना आम्ही त्यांचा दगड गहाण ठेवून घेतला. वडील काही सावकार नव्हते. त्यांच्याही घरात सात तोंडं होती. पण मी गणिताचा मास्तर. ही बेरीज कुठल्याही बाजूनं केली तरी आमच्या बाजूला शून्य येत नव्हतं.

“हा घे बाबा तुझा दगड,” मी म्हटलं.

“मला काय करायचाय? मी अर्धी पाती टाकतो, दाढी झाली की फेकतो.” मग जरा थांबून म्हणाला, “द्यायचाच असला तर सपाट करून द्या. आजोबांच्या फोटोपुढं ठेवतो.”

या अर्ध्या पातीचाही इतिहास आहे. १९०३ साली अमेरिकेत जिलेट नावाच्या गृहस्थानं धार न लावता फेकून द्यायच्या पात्यांचा वस्तरा विकायला काढला. पहिल्या वर्षी खपले एक्कावन्न वस्तरे आणि एकशे अडुसष्ट पाती. आमच्या आजोबांना ही बातमी कुणी सांगितली असती तर ते म्हणाले असते, दुकान बंद कर आणि शेती बघ. पण पुढे जगानं दगड आणि चामोटी माळ्यावर टाकली. आपल्याकडे न्हाव्यांच्या धोकटीतला वस्तरा त्यानंतरही ऐंशी वर्षं टिकला. १९८६ साली भारतात एड्सची लागण पहिल्यांदा आढळली आणि नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत ‘नवं पातं लावा’ हे खेड्यातलं गिऱ्हाईकही सांगायला लागलं. ते चांगलंच झालं.

धार गेल्याचं दुःख करताना ती धार कुठे कुठे चालली तेही आठवावं. आमच्या आजीची एक आत्या होती, लाल आलवणातली. तिच्या डोक्यावरूनही महिन्याच्या महिन्याला असाच वस्तरा फिरायचा. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं ठरवलं, तेव्हा कितीतरी वस्तरे म्यान झाले. ज्यांना शास्त्रातलं कळतं अशी ख्याती होती ते वाद घालत बसले होते, आणि ज्यांच्या हातात हत्यार होतं त्यांनी ते खाली ठेवलं. आमच्या आजीच्या आत्यापर्यंत ती सभा पोचली नाही, ही गोष्ट वेगळी.

असो. दगड सपाट करायचा होता.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय सपाट-सपाट! विळी खोलगट दगडावर चालते, कोयता चालतो, मग वस्तऱ्यालाच काय सोनं लागलंय? मीही असंच म्हटलं. पण वस्तऱ्याची तऱ्हा वेगळी आहे. सुरी धारेला लावताना ती किती तिरपी धरायची ते आपण ठरवतो. वस्तरा दगडावर आडवा निजवायचा असतो. त्याची जाड पाठ आणि पातळ धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. कोन त्याच्या अंगातच असतो. दगडाला खळगा असला की काठाशी घासलं जातं, मध्ये नुसता वारा लागतो, आणि धारेलाच पोट सुटतं. पोट सुटलेली धार आणि पोट सुटलेला मास्तर, दोघांनाही कुणी गालाला लावून घेत नाही.

मोहोळात कुठलंही काम काढलं की सल्ला फुकट मिळतो. पहिला सल्ला पाट्याचा. आमच्या घरचा पाटा काळ्या पाषाणाचा, चांगला ऐसपैस. पण पाट्याला टाकी लावलेली असते. वाटण वाटलं जावं म्हणून मुद्दाम खडबडीत केलेला तो. शिवाय त्याच्या मध्यावर वरवंट्यानं केलेला खळगा माझ्या दगडापेक्षा खोल होता. आणि बायको दारात उभी होती.

दुसरा सल्ला गवंड्याचा: “कुरुंदाचा दगड आणा गुरुजी, घासा खसाखसा.” कुरुंद हा आपला जुना शब्द. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम, आणि साहेबानं तो उचलून ‘कोरंडम’ केला. पुढे १८९१ साली अमेरिकेत ॲचेसन नावाचा एक खटपट्या माणूस माती आणि कोळसा विजेच्या भट्टीत भाजून कृत्रिम हिरे करायला बसला. हिरे काही झाले नाहीत, निळसर चमकदार खडे झाले. त्याला वाटलं, हा कार्बन आणि कोरंडम यांचा संकर. म्हणून नाव ठेवलं ‘कार्बोरंडम’. संकर नव्हताच तो, वाळूतलं सिलिकॉन आणि कार्बन यांचं संयुग होतं. पण बारशाला ठेवलेलं नाव बदलतं कोण? सुरुवातीला हा माल रत्नांना पैलू पाडणाऱ्यांना हिऱ्यासारखा तोळ्या-मासाच्या भावानं विकला जाई. आज तो हार्डवेअरच्या दुकानात विटेएवढा मिळतो. मी आणला. घरी येऊन पोलादी पट्टी लावून पाहिली तर वीट स्वतःच वाकडी! वाकड्यानं वाकडं सरळ होत असतं तर आमच्या शाळेची कमिटी केव्हाच सुधारली असती.

मग काच. पूर्वीच्या खिडकीच्या काचेतून पाहिलं की रस्त्यावरचा माणूस हलल्यासारखा दिसायचा. अशी लाटा आलेली काच कामाची नाही. पण १९५९ साली इंग्लंडात पिल्किंग्टननं वितळलेल्या कथलावर वितळलेली काच तरंगवून तिचा तक्ता करायची युक्ती जाहीर केली. तेव्हापासून साध्या टेबलावरची काचही बरीच सपाट येऊ लागली. त्या काचेवर कार्बोरंडमची पूड आणि पाणी टाकून दगड फिरवायचा, किंवा रंगारी ज्याला वॉटर पेपर म्हणतात तो ओला करून काचेवर चिकटवायचा. हा पाण्यात न विरघळणारा कागदही १९२१चा. त्याचे नंबर शाळेतल्या गुणांच्या उलटे: आकडा जेवढा मोठा तेवढी करामत बारीक. मी हावरेपणानं साठ नंबरचा आणला. त्यानं दगड झिजला खरा, पण अंगावर नांगरट झाली. शिवाय त्यातले खडे दगडात रुतून बसले. उद्या वस्तरा फिरवताना त्यातला एकही निघाला तर धारेची दातकोरणी होते. मग दोनशेवीस, मग चारशे. कागद भराभर फाटायला लागले. दगड कठीण होता. खळगा हट्टी होता. आईची विळी काय ताकदीची असेल ते आता कळलं.

शेवटी मुलानं पुण्याहून फोनवर सुचवलं, “बाबा, डायमंड प्लेट घ्या.” लोखंडी पट्टीवर हिऱ्याची कणी बसवलेली असते. हिरे अर्थात कारखान्यातले; ते करायची विद्या अमेरिकेत १९५५ साली जाहीर झाली. ॲचेसनचं राहिलेलं काम चौसष्ट वर्षांनी झालं म्हणायचं. किंमत ऐकून मी म्हटलं, दोन पायल्या जोंधळ्याला गहाण पडलेल्या दगडासाठी हिरे? तात्या वरून हसतील. तरी सांगतो, ज्याला रोज दगड सपाट करायचा असेल त्यानं खुशाल घ्यावी. पूड नाही, कागद नाही, राडा नाही. फक्त घेताना पट्टी लावून बघा. हिऱ्याचं नाव ऐकून माणूस वाकडं लोखंडही घेऊन येतो.

या अवस्थेत मी असताना कुर्डुवाडीहून माझे मावसभाऊ आले. हे कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचा, त्या अडीच फुटी छोट्या गाडीचा, त्यांना एवढा अभिमान की मोठ्या रुळांच्या गाडीत ते अजून अंग चोरून बसतात. त्यांनी दगड पाहिला, काच पाहिली, फाटक्या कागदांचा ढीग पाहिला आणि विचारलं, “ही काच सपाट आहे हे तुला कुणी सांगितलं?”

मी म्हटलं, “पट्टीनं.”

“आणि पट्टी सरळ आहे हे?”

मी गप्प बसलो. खरंच की! पट्टी दुसऱ्या पट्टीवरून केली, ती तिसरीवरून. जगातली पहिली सपाट वस्तू कुणी कशावरून केली?

“दोन दगड एकमेकांवर घास,” ते म्हणाले. “काय होईल? दोन्ही सपाट होतील?”

“होतील.”

“अजिबात नाही. एकाला पोट येईल, दुसऱ्याला खळगा. आणि दोघं एकमेकांत असे फिट्ट बसतील की बघणाऱ्याला वाटावं, वा, काय संसार आहे! तिसरा लागतो. पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, तिसरा पहिल्यावर. खळगेवाल्यानं दोघांना पोट दिलं असेल, तर ती दोन पोटं एकमेकांवर घासली की आपोआप उतरतात. असं फिरवत राहायचं. तिघं एकमेकांना सगळीकडून चिकटायला लागले की तिघंही सपाट. मूळची सपाट वस्तू लागतच नाही!”

लंडनला मॉडस्लेच्या कारखान्यात काम शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिरानं १८४० साली ग्लासगोच्या विद्वानांच्या सभेत हे तीन पत्र्यांचं प्रकरण मांडलं होतं. त्याचं म्हणणं असं, की लोखंड पूड टाकून घासू नका. पूड कुठे जास्त, कुठे कमी साठते, त्यावर आपला ताबा राहत नाही. उंचवटे शोधून तेवढेच खरवडा. दगड काही खरवडता येत नाही, त्याला घासण्याशिवाय गती नाही. पण तिघांचं गणित तेच. आगगाड्यांची इंजिनं, तोफा, शिवणयंत्रं, सगळ्यांचा बारीक नेमकेपणा अशा तीन पत्र्यांच्या भांडणातून आला आहे. मी बत्तीस वर्षं भूमितीत ‘प्रतल म्हणजे सपाट पृष्ठ’ शिकवलं. पण ते येतं कुठून, हे एकाही पोरानं विचारलं नाही, आणि मलाही पडलं नाही.

“तुमचे तात्या कशावर घासायचे?” मावसभावांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सलूनमध्ये. नातवानं पंख्याखाली वर्तमानपत्रं उडू नयेत म्हणून ठेवलेला एक जाडाभरडा दगड उचलून दिला. “हा त्यांचा दुसरा. आधी ह्याच्यावर, मग तुमच्यावाल्यावर. आन् सपाट करायला तुमच्याच दारात एक शहाबादीचा तुकडा व्हता. सीनेची वाळू चाळून टाकायचे, पाणी शिंपडायचे. एकदा हा फरशीवर, एकदा तो फरशीवर, मग दोन्ही एकमेकांवर. ल्हानपणी मला वाटायचं, आजोबा खेळत्यात.”

मावसभाऊ खुर्चीतच बसले.

मला एकदम तो आवाज आठवला. रविवारी सकाळी आजोबांचं स्नान-पूजा होईपर्यंत तात्या ओट्याखाली बसून असत, आणि खर्र-खर्र, खर्र-खर्र चालू असे. मध्येच थांबत, दगड फिरवत, उलटा धरत, पुन्हा खर्र-खर्र. आजोबा आतून ओरडत, “अरे तात्या, पुरे कर ते, कान किटले!” वाट बघणारा माणूस चाळा म्हणून काहीतरी करतोय असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. ग्लासगोचे विद्वान ज्यासाठी जमले होते, ते आमच्या ओट्याखाली दर रविवारी बसून चाललं होतं, आणि त्याला आम्ही ‘पुरे कर’ म्हणत होतो. तात्यांना ते कुणी शिकवलं असेल? त्यांच्या वडिलांनी, आणखी कुणी. विचारायला हवं होतं.

घरी आलो आणि फरशी शोधायला लागलो. घर १९९४ साली पाडून बांधलं तेव्हाच ओटा गेला. पण आमच्या घरात काही फेकायची पद्धत नाही. अंगणात नाही, गोठ्यात नाही, मोरीत नाही. शेवटी मावसभाऊ पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि तिथूनच त्यांनी हाक मारली.

माठाखाली होती. हातभर लांब, वीतभर रुंद, काळपट शहाबादी. माठाच्या बुडाचा गोल पांढरा डाग मधोमध. मावसभावांनी माठ दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला, फरशी खिडकीत नेली आणि खिशातली पोलादी पट्टी तिच्यावर उभी धरली. उजेडाच्या बाजूनं एक डोळा मिटून पाहिलं. मग मला पाहायला लावलं. पट्टी आणि फरशी यांच्यामधून कुठूनही उजेड येत नव्हता.

त्यांनी लगेच बाह्या सरसावल्या. मी दगडावर पेन्सिलीनं उभ्या-आडव्या रेघा मारल्या. सगळ्या पुसल्या गेल्या की समजायचं दगड सगळीकडून टेकला. वाळू चाळली, दोनदा धुतली. खर्र-खर्र सुरू झालं. तीन दिवस लागले. काठाच्या रेघा पहिल्या तासात गेल्या, मधल्या मात्र जाता जात नव्हत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खळग्याच्या तळाशी एकच रेघ उरली होती, अर्ध्या बोटाएवढी. मावसभाऊ म्हणाले, “ती तुझ्या आईची.” मी थोडा वेळ हात थांबवला. मग पाणी शिंपडलं.

दगड सलूनमध्ये पोचता केला. बरोबर दोन पायल्या मालदांडीही नेली. पोरानं पिशवीत हात घालून बघितला आणि म्हणाला, “गुरुजी, बलुत्यातली का सोडवणुकीची?” मी म्हटलं, “बलुत्यातली.” “मग ही बहात्तरची झाली. त्र्याहत्तरचं काय?” आणि हसत हसत त्यानं खुर्ची माझ्याकडे फिरवली, नवं पातं मोडलं, अर्धं वस्तऱ्यात घातलं.

फरशी अजून ओसरीवर आहे. ती मी सलूनमध्ये द्यावी असं माझं मत आहे, मावसभावांचं मत कुर्डुवाडीला न्यावी असं आहे. बायको म्हणते, ते तुम्ही तिघं ठरवा, पण आज संध्याकाळच्या आत मला सांगा, माठ कशावर ठेवू?